संग्रहालयाच्या उजव्या हाताला

प्राणी स्वतःची नगरपालिका चालवत होते, तेव्हाची ही गोष्ट. शहरातलं जुनं वस्तुसंग्रहालय नदीपलीकडे हलवायचं ठरलं आणि एकच गदारोळ उठला. अध्यक्ष हत्तीसाहेबांनी जाहीर सुनावणी ठेवली.

माकड म्हणालं, "पलीकडे जागा ऐसपैस आहे. हलवाच."

"संग्रहालय ही आपली अस्मिता आहे," बगळेराव कडाडले. "एक वीटही हलू देणार नाही."

म्हैसबाई पुढे आल्या. "माझं सगळं बालपण तिथं गेलं हो. दर रविवारी जायचो आम्ही."

चार तासांनी संग्रहालयाचे पहारेकरी कासवकाका हळूच उठले. "एक विचारू का? आत शिरल्यावर उजव्या हाताला काय आहे?"

बगळेराव घसा खाकरत राहिले. शेवटी म्हैसबाई म्हणाल्या, "आतलं नाही सांगता येणार. पण दाराबाहेर उजव्या हाताला शेळीची भेळेची गाडी आहे. वर कैरी घालते ती."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माकडानंसुद्धा.

हत्तीसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी भेळेची गाडी तेवढी पलीकडे नेली. रविवारी सगळं शहर तिकडे लोटलं. नवं संग्रहालय जुन्यापेक्षा उत्तम असल्याचं बगळेरावांनी भेळ खाताखाता मान्य केलं.

पुढे एकदा म्हैसबाई जुन्या रस्त्यानं चालल्या होत्या. उघड्या दारापाशी थांबून त्यांनी उसासा टाकला. "किती छान संग्रहालय होतं हो इथं, काका."

"होतं खरं," दारात उभे असलेले कासवकाका म्हणाले, आणि पाच वाजले म्हणून आतले दिवे बंद करायला गेले.