सावडपट्टीचे वाकडे तास

बोरखळीच्या चर्चमागे सावडपट्टी नावाचे शेत आहे. काळ्या मातीचे, ऐसपैस. पण नांगरट पाहावी तर मधोमध वाकडी. पाहुणे हसतात. तेव्हा गावचे सुभान तात्या म्हणतात, "हसा, पण ते तास सरळ करायला जाऊ नका. दंड म्हणून गावजेवण घालावं लागंल!" मग ते हातातली काठी बाजूला ठेवून पाहुण्यांना बाभळीखाली बसवतात आणि हकिगत सांगतात.

फार पूर्वी इथे दोन शेते होती म्हणे. एक रहेलबाईचे, दुसरे भिवबा माळ्याचे. मधल्या बांधावरून दोघांचे हाडवैर. रहेलबाईच्या कोंबडीने बांधावरचा दाणा टिपला तरी भिवबा तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

तेव्हा गावाला पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, नव्हता. रहेलबाईचा नवरा गेला, तेव्हा मातीवर प्रार्थना म्हणायलाही कोणी मिळाले नाही. ते तिच्या काळजात रुतून बसले होते. म्हणून मुलगा दाविद पाळक व्हायचे म्हणाला, तेव्हा तिला आभाळ ठेंगणे झाले. पण शहरातल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत वर्षाची ज्वारी घरून न्यावी लागे, आणि रहेलबाईकडे बैल एकच. एका बैलाला नांगर ओढवत नाही.

अशा वेळी दोन घरांनी एकेक बैल जुळवायचा, त्याला सावड म्हणतात. गावात एकट्या बैलाचा धनी दुसरा एकच होता, भिवबा! रहेलबाईने बरेच दिवस मन मारले. शेवटी पदर खोचून त्याच्या दारात उभी राहिली.

"भिवबा, पोराला देवाचं शिकायला धाडायचंय. सावड कर."

"तुझा देव येगळा, बाई."

"देव येगळा असंल. ज्वारी तर एकच हाय!"

भिवबा उठला आणि त्याने गोठ्यातला बैल सोडला.

पण तिचा बैल ठेंगणा, त्याचा उंचापुरा. जू तिरपे, औत सरळ जाईना. दोघे धनी एकमेकांवर खेकसत राहिले आणि त्या गडबडीत नांगर थेट बांधात घुसला. बांध फुटला. आता डोकी फुटणार म्हणून गाव गोळा झाले. भिवबा त्या ढेकळांकडे पाहत राहिला आणि एकाएकी पोट धरून हसू लागला. "जल्मभर भांडलो, अन् ह्या मुक्या जनावरांनी घटकेत निकाल लावला!" रहेलबाईलाही हसू आवरेना. हसता हसता तिला रडू आले.

बांध पुन्हा घातलाच नाही. त्या साली ज्वारी अशी आली म्हणे, की उभ्या पिकात उंट दिसू नये. दाविद शिकून गावचा पाळक झाला. पुढे भिवबाच्या नातवाला कीर्तन शिकायला जायचे झाले, तेव्हा म्हातारी रहेलबाई धान्य घेऊन त्याच्या दारात हजर.

"देव येगळा बरं का, रहेलबाय," भिवबाने चिडवले.

"असंल. उचल पोतं."

आजही सावडपट्टीत एकाच घरची जोडी जुंपत नाहीत. जिथे बांध होता, तिथे नांगर मुद्दाम वाकडा नेतात. बोरखळीतून जो कोणी देवाचे शिकायला निघतो, त्याचे पहिले पोते याच शेतातले असते. यंदा ते तात्यांच्या नातीसाठी शिवून ठेवले आहे. ते दाखवायला तात्या पुढे धावतात, आणि काठी बाभळीखालीच राहते.