तिसरी घोंगडी

एकदा एका लोहमातीच्या डोंगराखाली दोन गावं हाडवैर धरून बसली होती. वरच्या गावाला खाणीत काम मिळालं, खालच्या गावाच्या ओढ्यात खाणीची लाल माती आली. मग कोयते निघाले. खाण चालवणारा व्यापारी दर वेळी मंडप घाली, पेढे वाटी आणि एका वृद्ध आचार्यांना बोलावून समेट घडवी. तिथली रीत अशी, की भांडणारे खाली आपापल्या घोंगडीवर बसत, पंच पारावर. समेट झाला की दोन्ही घोंगड्यांच्या टोकांची गाठ मारायची. अशी गाठ तीनदा मारून झाली होती. तीनदा सुटली होती.

चौथ्या वेळी घोंगड्या अंथरताना आचार्यांची शिष्या पार वैतागली होती. ती खालच्या गावची. मागच्या मारामारीत तिच्या भावाचा डोळा गेला होता. पेढ्यांची परात वाजली तरी ती दचके. "आज जमलं नाही, तर उद्या आमची माणसं कोयते घेऊन खाणीची वाट अडवणार, गुरुजी. म्हणजे पुन्हा तेच!"

आचार्यांनी तिसरी घोंगडी अंथरली.

वयोमानाने विसरले असतील, म्हणून तिने ती उचलली. त्यांनी पुन्हा अंथरली. तिने पुन्हा उचलली. "अहो, गावं दोनच आहेत!"

"मोजता येतं मला, पोरी. टाक खाली."

पारावरून व्यापारी हसला. "उरका, आचार्य. पेढ्यांना मुंग्या लागल्या. आणखी कोण यायचंय?"

"तुम्ही, शेठ."

"मी? मी तर यांचं भांडण मिटवायला झटतोय! हा मंडप कुणाचा?"

"मंडप तुमचा. आणि ओढ्यातली माती? खालचे लोक खाण बंद पाडतील, असं वरच्यांना कोण म्हणालं? 'वरचे तुम्हाला कामावर येऊ देत नाहीत,' असं खालच्यांना कोण म्हणालं? तुमचं मन वाईट नसेलही. पण तंटा तिघांचा आणि गाठ दोघांची, ती टिकेल कशी?"

दोन्ही गावांनी प्रथमच एकमेकांकडे पाहिलं. मग पाराकडे.

व्यापारी पारावरून उतरला, चपला काढून घोंगडीवर टेकला. मान खाली घालून म्हणाला, "माती कुठे टाकू, सांगा."

"उद्या येतो दाखवायला," खालच्या गावचा म्हातारा म्हणाला. "कोयते घरी ठेवून."

"आम्हीही येतो," वरच्या गावातून कुणीतरी म्हणालं.

शिष्या लगबगीने गाठ मारायला वाकली. आचार्यांनी तिचा हात धरला. "आज नाही. आधी ओढा निवळू दे."

ती थांबली. जी घोंगडी आपण दोनदा उचलली होती, तिच्याकडे पाहत राहिली. मागून परात वाजली. या वेळी ती दचकली नाही.