गोधडीतला हीट पंप

"आयुष्य किती असतं, महाराज?"

"कुणाचं?"

"हीट पंपाचं."

भैरवगिरी महाराज चौरंगावर बसले होते आणि रंगराव त्यांचे पाय धूत होता. शिष्य मोठा भाविक, पण तांब्यातलं पाणी गारढोण. त्यातून कृष्णाकाठची माघातली सकाळ. महाराजांनी पाय मागे घेतले नाहीत, हीच त्यांची साधना म्हणायची.

"गावात पहिला मी बसवला," रंगराव म्हणाला. इतक्या अडचणीतही हे सांगायला तो विसरला नाही. "जाळायचं काही नाही, धूर नाही. हवेतली ऊब ओढतो आणि पाण्याला देतो. पाण्याची चूल मी त्याच दिवशी मोडली. पण दिवाळीपासून पाणी तापेना. सात वर्षं झाली त्याला. दुपारी भंगारवाला न्यायला येतोय."

"ठरलंय तर. मग मला कशाला विचारतोस?"

रंगरावाचा हात थांबला.

"प्रणिता आलीय बाळंतपणाला. पहिलटकरीण. नवा पंप यायला महिना लागणार. काल विहीणबाईंचा फोन आला... तुमच्याकडं बाळंतिणीला ऊन पाणी नसेल तर पोरीला आमच्याकडंच घेऊन जातो म्हणाल्या. तिची आई असती तर असं बोलायची कुणाची छाती झाली नसती."

"बदलायचा कधी असतो तो?" महाराजांनी विचारलं.

"चालतो दहा-पंधरा वर्षं. टाकी गळायला लागली, कॉम्प्रेसर बसला, सारखी दुरुस्ती निघायला लागली, की बदलायचा."

"टाकी गळतीय?"

"नाही."

"ते दुसरं बसलं?"

"नाही."

"मग?"

"वय झालं, महाराज."

"वय माझंबी झालंय. भंगारवाल्याच्या टेम्पोत दोघांना जागा हाय का विचार."

बंद दाराआड प्रणिता खुदकन हसली. रंगरावाला हसू आलं नाही.

"चल, दाखव तुझा म्हातारा."

परसात पत्र्याचं एक खोपट होतं. चारी बाजूंनी बंद, दाराला कुलूप, वर लिंबू-मिरची. रंगरावानं कुलूप काढलं. आत हीट पंप जाड गोधडी पांघरून घरघरत होता. कपाळावर हळदकुंकू.

"हे कवा बांधलं?"

"दिवाळीत. शेजारच्या वत्सलाकाकू म्हणाल्या, काय गुणाचं यंत्र आहे हो! दृष्ट लागायला तेवढं पुरतं. शिवाय थंडी. म्हणून गोधडी..."

"जीव हाय तुझा त्याच्यावर."

"आहेच."

"खातो काय ह्यो?"

"हवा, महाराज. सांगितलं ना, हवेतली ऊब घेतो."

"आणि टाकतो काय?"

"गार हवा."

"कुठं?"

"इथंच, समोर..." रंगराव अडखळला.

महाराजांनी गोधडी ओढली आणि ती थेट रंगरावाच्या डोक्यावर टाकली. दोन्ही टोकं हनुवटीखाली घट्ट धरली.

"हां. आता सांग, आयुष्य किती असतं?"

"महाराज, सोडा!"

"दहा वर्षं? पंधरा?"

"गुदमरतोय हो!"

"का? वय झालं?"

आतून हातपाय झाडल्याचा आवाज आला. महाराजांनी सोडलं. रंगराव विस्कटलेल्या केसांनी तोंड उघडं टाकून उभा राहिला. श्वास घेतला... पंपाकडं पाहिलं. मागच्या जाळीवर बर्फाचा पांढरा थर धरला होता.

त्यानं पहार आणली आणि पत्रे उचकटायला लागला.

दुपारी भंगारवाला आला. रंगरावानं खोपटाचे पत्रे त्याच्या टेम्पोत चढवले आणि वर लिंबू-मिरचीही दिली. तोवर बर्फ वितळून गेला होता. बादली भरली. रंगरावानं हात घातला आणि चटका बसल्याबरोबर ओरडला. इतका आनंद त्याला गावात पहिला पंप बसवला तेव्हाही झाला नव्हता. डोळे पुसत त्यानं विहीणबाईंना फोन लावला.

प्रणिताच्या खोलीची खिडकी वारं लागू नये म्हणून महिनाभर बंद होती. ती आतून धाडकन उघडली. मग प्रणिता स्वतःच परसात आली आणि उन्हात पाय पसरून बसली. रंगरावानं काही बोलायला तोंड उघडलं. महाराजांच्या खांद्यावर गोधडी होती. त्यानं तोंड मिटलं.

महाराज निघाले. रंगराव वेशीपर्यंत पोचवायला गेला. मन भरलं होतं, पण स्वभाव कुठं जातो?

"महाराज, तरी तो कधीतरी बंद पडणारच. समजा आठ वर्षांनी पडला... तेव्हा मी काय करू?"

महाराज हसले.

"तवर पोर आठ वर्सांचं झालं असंल. त्याला कृष्णेत पवायला शिकव."