सुभेदाराची शीव

सकाळी बरोबर सव्वानऊला खैरवाडीचा गाडा उंबरजळच्या शिवेवर आला. वेळ चुकायची नाही, कारण अख्ख्या उंबरजळात घड्याळ एकच, आणि ते सुभेदार केरबा मांढऱ्यांच्या खिशात. त्यांनी ते काढून बघितलं आणि मग कमरेचं रिव्हॉल्वर हातात घेतलं, असं म्हणतात. आषाढातला मंगळवार होता, फार वर्षं झाली त्याला.

गाडा कसला, ते आधी सांगते. तेव्हा पटकी आली, माणसं जुलाब-उलट्यांनी पटापट जायला लागली, की लाकडाचा लहानसा गाडा करायचे. त्यात मरीआईला बसवायची, हिरवं लुगडं नेसवायची, लिंबं ठेवायची, आणि वाजतगाजत शेजारच्या गावाच्या शिवेत ढकलायची. रोग तिकडं गेला म्हणून माघारी फिरायचं. शेजारचं गाव ती पुढच्या गावाला द्यायचं. पण गाड्यासंगं माणसं यायची, आणि त्यांच्या कळश्या वाटेतल्या प्रत्येक ओढ्यात बुडायच्या. ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

सुभेदारांच्या ध्यानात होतं. ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईवर जाऊन आलेले. तिथं त्यांनी जखमी गोऱ्या साहेबाला चार कोस पाठीवर आणलं, आणि साहेबानं स्वतःच्या कमरेचं रिव्हॉल्वर सोडून त्यांच्या कमरेला बांधलं. सहा गोळ्यांची घरं त्याला. गावी आलं तेव्हा पाच रिकामी होती, एकात गोळी. सुभेदार सांगायचे, "बसऱ्याला गोळीनं मेली त्याच्या दुप्पट माणसं पाण्यानं मेली."

तर ते रिव्हॉल्वर रोखून शिवेच्या दगडावर उभे राहिले. "थांबा तिथंच!"

गाड्यापुढचा पोतराज म्हणाला, "सुभेदार, देवीला अडवताय?"

"देवीला नाही. तुझ्या कळशीला अडवतोय."

उंबरजळचे पाटील मागून कुजबुजले, "येऊ दे की. संध्याकाळपर्यंत आपण पुढच्या गावाला देऊ."

"आणि ते त्यांच्या पुढच्याला. पाटील, सगळ्यात शेवटचं गाव कुणाचं असतंय, सांगा बघू."

एवढ्यात गाड्यामागून एक बाई पुढं आली. कडेवर पाच महिन्यांचं पोर, मान टाकलेलं. सुभेदारांची एकुलती एक लेक, गजराबाई. खैरवाडीला दिलेली. गाड्यासंगं चालत माहेर गाठायचं म्हणून आली होती.

"आबा, मला तरी येऊ द्या. पोर दूध ओढत नाही."

सुभेदारांचा हात खाली आला नाही.

"बसऱ्याला दुश्मन कमी पडले काय, म्हणून लेकीवर रोखताय?"

लोक म्हणतात, तेवढ्यापुरता वारासुद्धा थांबला. तिला आत घ्यावं तर गावातली साठ पोरं. बाहेर ठेवावं तर ते एक. सुभेदार मागं वळले. बायको हौसाबाई उभी होती, तिच्या हातात त्यांनी रिव्हॉल्वर दिलं.

"हौसे, धर. मी चाललो तिच्याकडं. बारा दिवसांच्या आत मी ही शीव ओलांडायला लागलो, तर गोळी झाड."

"अहो, मी भाकरी थापणारी बाई. हे कसं धरू?"

"परात धरतेस तसं. दोन्ही हातांनी."

आणि सुभेदार शीव ओलांडून पलीकडं गेले. त्यांनी नातवाला हातात घेतलं, तिथंच तीन दगडांची चूल मांडून घरचा तांब्याचा हंडा चढवला, खळाखळा उकळी आणली. त्यात मीठ-गूळ घातलं आणि गजराबाईनं ते पोराला चमच्या-चमच्यानं पाजलं. दिवस-रात्र. गाड्यासंगं आलेली माणसंही तिथंच थांबली. हौसाबाई शिवेच्या दगडावर पीठ-मीठ ठेवायची आणि मागं सरायची. मग पलीकडून कुणीतरी येऊन न्यायचं. चौथ्या दिवशी पोर रडलं. तो आवाज ऐकून हौसाबाईही रडली, पण रिव्हॉल्वर खाली ठेवलं नाही.

नवव्या दिवशी सुभेदारांनाच पटकीनं धरलं. भर दुपारी ते भ्रमात उठले आणि घराच्या वाटेला लागले.

"हौसे, आलो गं घरी. आडाचं गार पाणी दे."

"धनी, थांबा!"

ते थांबले नाहीत. शिवेला तीन पावलं उरली, दोन उरली. हौसाबाईनं दोन्ही हातांनी नेम धरला आणि त्यांच्या पायाशी गोळी झाडली.

तो आवाज सात गावांत गेला, असं म्हणतात. सुभेदार ताठ उभे राहिले. बायकोला त्यांनी कडक सलाम ठोकला, "शाबास!" म्हणाले, आणि माघारी फिरले. आणि जिथं गोळी घुसली, तिथून पाणी वर आलं. मनगटाएवढी धार. तेच पाणी पिऊन सुभेदार वाचले. म्हणजे देवाचं असलं तरी गजराबाईनं ते उकळूनच दिलं, हे नीट ऐका.

बाराव्या दिवशी सगळे आत आले. एकही माणूस दगावलं नाही, असं उंबरजळचे म्हणतात. खैरवाडीचे म्हणतात, दोन म्हातारी माणसं गेली. मी दोन्ही सांगते. पण पोर जगलं, ह्यावर दोन्ही गावांचं एकमत आहे. मरीआईला पुढं कुणी ढकललं नाही, तिचं देऊळ शिवेवरच बांधलं.

रिव्हॉल्वर पुढं सरकारात जमा झालं. खंडेनवमीला मांढऱ्यांच्या घरी हत्यारांच्या जागी तो हंडा मांडतात. आणि अजून उंबरजळची लेक लेकरू घेऊन माहेरी येते, तेव्हा तिला अलीकडून कुणी हाक मारत नाही. घरचं माणूस शीव ओलांडून पलीकडं जातं, उकळून निवलेलं पाणी तिला देतं, लेकराला स्वतःच्या हातात घेतं, आणि मग सगळी मिळून आत येतात. ह्याला सुभेदाराचं पाणी म्हणतात.

तुम्ही ऐकलंत, आता पुढं सांगा. जिच्या कडेवर लेकरू असेल तिला आधी सांगा. पाणी स्वच्छ दिसतंय म्हणाली, तर पुन्हा सांगा.