न घेतलेलं गूळपाणी

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक राजा होता. झाडांवर त्याचा भारी जीव. वाटेत एखादी मोडलेली फांदी दिसली तरी त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं नाही.

त्याच्या राज्यात एक जुनी राई होती. दाट झाडी आणि मधोमध एक झरा. परमुलखातले व्यापारी येऊन तिथली झाडं तोडू लागले, तेव्हा राजाने कायदा करायचं ठरवलं. ‘राईत कोणीही पाऊल टाकायचं नाही.’ पण राजा मनाने चांगला होता. लोकांना विचारल्याशिवाय कायदा नको, म्हणून तो स्वतः राईकाठच्या गावात गेला.

आता या गावाची एक रीत होती. आलेल्या माणसाला आधी बसवायचं, गूळपाणी द्यायचं आणि मग मनातलं बोलायचं. तोवर त्याने काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं. “बरं आहे.”

राजाला घाई होती. त्याने घोड्यावरूनच कायदा वाचून दाखवला आणि विचारलं, “बरं आहे ना?”

“बरं आहे, महाराज!” सगळे एका सुरात म्हणाले.

कोणीतरी गूळ आणायला घरात धावलं होतं. ते बाहेर आलं तर घोडा केव्हाच दिसेनासा झालेला. राजा वाटेत अगदी खुशीत होता. गावाने होकार दिला, असंच बिचाऱ्याला वाटत होतं. आठवड्याभरात राईभोवती काटेरी कुंपण उभं राहिलं.

काही महिन्यांनी राजा राई बघायला आला. कुंपणापाशी एक म्हातारी उभी होती. आत बघत ती राईला हळूच म्हणाली, “जाते हं, बाई.”

राजा चरकला. निघताना ‘येते’ म्हणायचं, हे तर लहान मुलालाही ठाऊक असतं.

“आजी, असं का म्हणता? ‘येते’ म्हणावं.”

“येऊ कशी, महाराज? माझ्या माहेरचं कोणी उरलं नाही. इथल्या झऱ्यापाशी येऊन बसायचे, त्यातला पाचोळा काढायचे, चार गोष्टी बोलायचे. हेच माझं माहेर. त्यालाच तुम्ही कुंपण घातलंत.”

“पण मी विचारलं होतं! तुम्ही सगळे बरं म्हणालात.”

म्हातारीला हसू आलं. “उभ्या माणसाला कोणी वाईट सांगतं का? बसला असतात, तर बोललो असतो.”

राजा घोड्यावरून उतरला आणि मातीत मांडी घालून बसला. “आता द्या गूळपाणी.”

म्हातारीने पदराची गाठ सोडून गुळाचा खडा काढला. “गूळ आहे. पाणी आत आहे, आणि आत जायला तुमचीच मनाई आहे.”

राजाला हसावं की रडावं कळेना. त्याने स्वतःच्या हाताने काटे बाजूला सारले. आत झरा पाचोळ्याने बुजून गेला होता. “काय रे हे तुझे हाल!” म्हणत म्हातारी खाली बसली आणि ओंजळीने पानं काढू लागली. राजानेही बाह्या सरसावल्या. गढूळ पाणी हळूहळू निवळलं. राजा ते पोटभर प्यायला.

मग तो गावात जाऊन बसला. गूळपाणी झालं आणि गाव बोलू लागलं. कोणी म्हणालं, वाळक्या काटक्या वेचू द्या. कोणी म्हणालं, व्यापाऱ्यांवर नजर आम्ही ठेवू. एक बाई तर म्हणाली, “पाखरं अंड्यांवर बसतात तेव्हा आम्हीसुद्धा राईत जात नाही. तेव्हा तुमची शिकारही बंद ठेवा.” राजाने जरा घसा खाकरला, पण मान डोलावली. दोन म्हाताऱ्यांचं गुरांवरून कडाक्याचं भांडण झालं, तेही राजाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

कायदा नव्याने लिहिला गेला. राईत कुऱ्हाडीला बंदी झाली, माणसाला नाही. सारं गाव राईचं राखणदार झालं.

कुंपण निघालं त्या संध्याकाळी म्हातारी झऱ्यापाशी खूप वेळ बसली. उठताना तिने पाण्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “येते हं.”

तिच्यामागे उभा असलेला राजाही नकळत पुटपुटला, “येतो.”

तात्पर्य: घाईघाईत मिळालेला होकार खरा नसतो. ज्यांच्या जमिनीचा कायदा करायचा, त्यांच्याजवळ आधी बसावं, त्यांच्या हातचं पाणी प्यावं आणि मग विचारावं.