चाळीस तुकड्यांची पन्हळ

फार फार वर्षांपूर्वी, ढग दुपारची झोप काढायला डोंगरावर उतरत आणि झाडं दरीएवढी लांब वाढत, तेव्हाची ही गोष्ट. एका गावाला दरीपलीकडच्या झऱ्याचं पाणी यायचं, ते लाकडी पन्हळीतून. एकाच झाडाचं खोड कोरून ती केली होती.

एकदा तिला तडा गेला. तसं झाड शोधून कोरेपर्यंत चार महिने गेले आणि गाव तहानेनं कासावीस झालं.

"पुन्हा असं होऊ द्यायचं नाही," गावचा सुतार गोंदा म्हणाला. पुढची पन्हळ त्यानं चाळीस तुकड्यांची केली, घरटी एक. ज्याचा तुकडा फुटेल त्यानं बदलायचा. लोक हरखले. कुणी आपल्या तुकड्यावर मोर कोरले, कुणी वेली. धुक्यात पन्हळ आकाशातून चालल्यासारखी दिसे. गोंदाचे तर पाय जमिनीला लागेनात!

पन्हळीच्या शेवटाला त्याच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं घर होतं. उन्हाळ्यात एक दिवस ती गाठोडं बांधून दारात बसलेली दिसली.

"कुठं निघालीस गं आक्का?"

"पाणी असेल तिथं. सकाळपासून कळशी लावलीय, तळसुद्धा भिजलं नाही. या वयात घर सोडायला लावलंस बघ."

गोंदानं लगेच पन्हळीची वाट धरली. तो थेट झऱ्यापर्यंत बघत गेला. एकही तुकडा फुटला नव्हता. पण सांध्यासांध्यातून पाणी ठिबकत होतं आणि खाली दरीत चिमुकली इंद्रधनुष्यं तरंगत होती. क्षणभर त्याला ती सुंदर वाटली. मग स्वतःचीच लाज वाटली.

"सांध्याच्या फटीत झाडाची चिकट राळ का भरली नाही?" त्यानं घरोघर विचारलं.

"आमचा तुकडा बघा की, कसा ठणठणीत आहे!" जो तो म्हणाला. सांधा कुणाचाच नव्हता.

"आठ दिवस थांब," गोंदा आक्काला म्हणाला.

"पुन्हा अखंड करणार?"

"नाही गं. अखंड फुटली की सगळंच थांबतं. पण मी हौसेपायी फार तुकडे पाडले."

त्यानं पाचच लांब तुकडे केले, आठ घरांत मिळून एक. सांधा दोन्हीकडच्यांनी मिळून राळेनं भरायचा, असं ठरलं. मोर गेले म्हणून काहीजण रुसले. त्याला इलाज नव्हता.

पुढे वादळात एक तुकडा कोसळला, तो दोन दिवसांत नवा बसला. पाणी पुन्हा शेवटच्या दारापर्यंत आलं, तेव्हा आक्कानं पहिली ओंजळ गोंदालाच पाजली. त्याचे डोळे भरून आले.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, तुकडे केल्यानं दुरुस्ती सोपी होते खरी, पण प्रत्येक तुकड्यामागे एक सांधा येतो; म्हणून सांभाळता येतील तेवढेच सांधे ठेवावेत.