करवंटीचं माप

एका राज्यात राणी गेली, आणि दहाव्या दिवशी तिच्या पिंडाला कावळा शिवेना.

नदीकाठी सारा दरबार उभा होता. गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा कुणीतरी बोलून दाखवावी, ती पुरी करण्याचं वचन द्यावं, मग कावळा शिवतो, अशी त्या राज्याची रीत. एकेक जण पुढे येऊन हात जोडत होता. "राणीसाहेब, तुमची फुलबाग राखू." "राणीसाहेब, देवळाचा कळस चढवू." पिंपळावर एका डोळ्याचा म्हातारा कावळा बसला होता. त्याने प्रत्येकाचं ऐकून घेतलं आणि मान फिरवली. ऊन डोक्यावर आलं. तेवढ्यात राणीचा काळा कुत्रा भुंगा गर्दीतून वाट काढत आला आणि सगळा पिंड खाऊन मोकळा झाला.

मग प्रधान म्हणाला, "राणीसाहेबांचा जीव याच्यातच आहे. हा जेवला, की त्या जेवल्या."

राजा धवलसेनाला ते पटलं. त्याने खजिन्याचं सातवं दार उघडलं आणि पणजोबांनी बंद करून ठेवलेलं सोन्याचं ताट बाहेर काढलं. त्या दिवसापासून रोज दुपारी त्या ताटात राणीच्या आवडीचं वाढलं जाई: पुरणपोळी, तुपात न्हालेला शिरा, मनुका घातलेली बासुंदी. राजा स्वतःच्या हाताने भुंग्याला भरवी. दरबारी मग आपापला घास पुढे करीत, कारण राजा बघत असे.

राणीच्या माहेराहून तिच्याबरोबर आलेली भिवरा हे सगळं भिंतीला टेकून पाही. राणीचे कुत्रे तिनेच वाढवले होते. राणी गेली तेव्हा तिची राहिलेली इच्छा काय, हे भिवराला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कुणाला काही सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांत भुंग्याच्या बरगड्या चरबीत बुडाल्या. तीन पायऱ्या चढताना त्याला धाप लागे. कानांतून घाण वास येई. भिवरा रोज मुदपाकखान्याच्या दाराशी बसून बासुंदीतल्या मनुका एकेक करून वेचून काढी, कारण मनुका म्हणजे कुत्र्याला विष, हे तिला राणीने शिकवलं होतं.

"वेच बाई, वेच," आचारी हसून म्हणे. "कुत्र्याचं नशीब बघ. आमच्या पोरांना सणालाही असलं मिळत नाही."

"मग पोरांना दे," भिवरा म्हणे. "त्याला कशाला मारतोस?"

एके दिवशी ती राजासमोर उभी राहिली. "महाराज, याला हे सोसत नाही."

"तो आनंदाने खातो, भिवरा."

"खाणारच. खाऊ नये हे त्याला कुठून कळणार?"

"तुझं काळीज दगडाचं आहे," राजा शांतपणे म्हणाला आणि पुढचा घास उचलला. त्याच्या चेहऱ्यावर दुःखाची एक रेघ नव्हती. राणी गेल्यापासून तो एकदाही रडला नव्हता. भिवराच्या अंगाची आग आग झाली. ती बाहेर आली.

कट्ट्यावर तो एका डोळ्याचा कावळा बसला होता. "ताट शापाचं आहे," तो म्हणाला. "भरवणाऱ्याचं दुःख घासातून खाणाऱ्याच्या पोटात उतरतं. राजा हलका होतोय, कुत्रा जड होतोय. पुढच्या अमावास्येला तो मरेल."

"आणि तू हे आज सांगतोस, कावळोबा?"

"मला कुणी विचारलं? माझा मान कुत्र्याने नेला, तेव्हाही कुणी विचारलं नाही."

"रुसून बसलास होय! ताट कुणी घडवलं ते सांग."

"काळडोहाच्या गुहेत कपिलजट मांत्रिक राहतो. त्याने."

भिवराने ढकलगाडी आणली, भुंग्याला उचलून तीत घातलं आणि भर दिवसा वेशीबाहेर पडली. राजाने दवंडी पिटवली: राणीचा कुत्रा पळवणारीला सुळावर देऊ. ती दवंडी भिवराने डोंगर चढताना ऐकली. गाडी जड होती. ती थांबली नाही.

कपिलजट गुहेच्या तोंडाशी वाळूची दोरी वळत बसला होता. "एका राजाला दुःख नको होतं," तो म्हणाला, "म्हणून ते ताट घडवलं. मोडायचं असेल तर तीन कामं कर. पहिलं: या जनावराच्या भुकेचं माप आण."

भुंग्याला गुहेपाशी ठेवून भिवरा आल्या पावली मागे फिरली. राणी भुंग्याला एका करवंटीने मोजून घाली, सकाळी एक, संध्याकाळी एक. ती करवंटी आता आचारी चुलीतली राख काढायला वापरत होता. भिवराने डोक्यावरून पदर पुढे ओढला, मुदपाकखान्यात शिरली, त्याच्या हातातून करवंटी हिसकावली आणि राख त्याच्याच पायावर ओतली. तो ओरडेपर्यंत ती वेस ओलांडून गेली होती.

"दुसरं," कपिलजट म्हणाला. "जे रांधताना घरभर वास सुटत नाही आणि ज्याची वाहवा कुणी करत नाही, असं अन्न त्याच्या खुशीने त्याला खाऊ घाल."

भिवराने तीन दगडांची चूल मांडली. धनगराकडून बिनचरबीचं बोकडाचं मटण आणलं, ते मिठाशिवाय शिजवलं. निम्मी करवंटी मटण, पाव करवंटी मऊ भात, पाव करवंटी उकडलेला दुधी. तूप नाही, कांदा नाही, मसाला नाही. शेजारी गार पाण्याचं भांडं ठेवलं. भुंग्याने हुंगलं, तोंड फिरवलं आणि बासुंदीसाठी विव्हळला.

"अरे, दे त्याला काहीतरी गोड," मागोमाग उडत आलेला कावळा म्हणाला. "मला बघवत नाही."

"मग उडून जा," भिवरा म्हणाली. "बघवत नाही म्हणूनच तर सगळ्यांनी त्याला भरवलं."

तिने करवंटी उचलली. संध्याकाळी ताजं शिजवून पुन्हा ठेवलं. पुन्हा उचललं. राग इतका होता, की डोळ्यांत पाणी यायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी भुंगा आपला आपण उठला, चार पावलं चालला आणि करवंटी चाटून पुसून स्वच्छ केली. एकविसाव्या दिवशी तो डोंगरावर तिच्यापुढे धावत होता. तरी त्याचं पोट अजून दगडासारखं घट्ट होतं, आणि अमावास्या उद्यावर आली होती.

"तिसरं," कपिलजट म्हणाला, "तुझ्या हातचं नाही. ज्याने भरवलं, त्याच्याच तोंडून 'पुरे' आलं पाहिजे. ते सुद्धा कुत्रा मागत असताना."

भिवरा भुंग्याला घेऊन भर दरबारात आली. शिपायांनी भाले रोखले. राजाला पाहताच भुंगा धावला, सिंहासनाशी बसला आणि त्याने राजाच्या गुडघ्यावर पंजा ठेवला.

"बघ," राजा म्हणाला. "तो मागतोय." त्याने ताट आणवलं आणि घास उचलला.

"तो मागणारच," भिवरा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तो कुत्रा आहे. देऊ नये हे कळायला माणूस लागतो. महाराज, तुम्ही त्याला जेवू घालत नाही. तुम्ही तुमचं दुःख त्याच्या घशाखाली ढकलता आणि स्वतः सुखाने झोपता. राणीसाहेब तुमच्या होत्या. रडायचं काम तुमचं होतं. ते या मुक्या जनावरावर का टाकलंत? मला सुळावर द्या. पण आधी त्याच्या पोटाला हात लावून बघा."

राजाने हात लावला. पोट दगडासारखं लागलं. भुंगा विव्हळत होता, पंजाने गुडघा ओरबाडत होता. राजाने हातातला घास ताटात परत ठेवला.

"पुरे," राजा म्हणाला.

ताट मधोमध तडकलं. भुंग्याचं पोट सैल पडलं आणि तीन महिन्यांचं दुःख एका क्षणात राजाच्या छातीत परत आलं. तो सिंहासनावरून खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. कुणी पुढे झालं नाही. भुंगा तेवढा जवळ गेला आणि त्याचा हात चाटू लागला.

खिडकीत कावळा येऊन बसला. "आता तरी बोला," तो म्हणाला. "दहाव्याला सगळे बोलले. फुलबाग झाली, कळस झाला. तिची खरी इच्छा तेवढी कुणी बोलून दाखवली नाही."

राजाने भिवराकडे पाहिलं. तिने करवंटी त्याच्या हातात दिली.

"केतकी," राजा गेलेल्या राणीला म्हणाला, "तुझ्या भुंग्याला मी सांभाळीन. मोजून घालीन. मागेल तेवढं घालणार नाही."

नदीकाठी पुन्हा पिंड ठेवला. कावळा उतरला आणि शिवला. ताटाचे तुकडे काळडोहात बुडवले, सातव्या दाराला कुलूप लागलं, आणि भिवराचा सूळ सुताराने जळणाला नेला.

त्यानंतर रोज सकाळी राजा स्वतः दुधी चिरी. भिवरा शेजारी उभी राहून मटण, भात, दुधी यांचं माप बघे. तिचा राग अजून पुरता गेला नव्हता. भुंगा जेवे, करवंटी चाटे आणि मान वर करून आणखी मागे. मग राजा करवंटी पालथी घाली आणि भुंग्याला घेऊन फिरायला निघे, ऊन व्हायच्या आत, राणी ज्या वाटेने जायची त्या वाटेने.